घनवादी चित्रातलं वाद्य कसं वाचायचं: अर्थाआधी करायची कामं

घनवादी (क्युबिस्ट, म्हणजे वस्तू कोनदार तुकड्यांत मोडून रचणाऱ्या) चित्रातल्या व्हायोलिनवर लिहायला बसलं की बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: 'चित्रकाराने वाद्य एकाच वेळी सगळ्या बाजूंनी दाखवलं आहे.' दुसरंही ठरलेलंच: 'यातून आधुनिक माणसाचं दुभंगलेलं मन दिसतं.' ही दोन्ही वाक्यं चित्राकडे न बघताही लिहिता येतात, आणि खरी अडचण तीच आहे. चित्रात वाद्य कुठे आहे, त्याचे कोणते भाग दिसतात, कड कुठे तुटते, उजेड कुठून येतो यातलं काहीही न सांगता आपण थेट अर्थावर उडी मारतो.

म्हणून या लेखात अर्थ अगदी शेवटी येतो. आधीचे टप्पे कंटाळवाणे वाटले तरी गाळू नका. प्रत्येक टप्प्यात जे हाती लागतं त्यावरच पुढचा उभा राहतो. चित्रकला महाविद्यालयात रसग्रहणाचा निबंध लिहायचा असो किंवा परदेशातल्या संग्रहालयात अशा चित्रासमोर उभं राहायचं असो, क्रम हाच ठेवा.

मुख्य उदाहरण म्हणून फ्रेंच घनवादी चित्रकार जॉर्ज ब्राकचं 'व्हायोलिन आणि पॅलेट' (पॅलेट म्हणजे रंग मिसळायची फळी) घेतो. साल १९०९, ठिकाण न्यूयॉर्कचं गुगेनहाइम संग्रहालय. सुरुवातीला हेच चित्र घ्या असं मी आग्रहाने सांगतो, कारण त्यातलं व्हायोलिन ओळखता येण्याइतकं शाबूत आहे आणि तरीही ते एकसंध राहिलेलं नाही. पुढच्या टप्प्यांवर पिकासोची काही चित्रं येतील.

१. तयारी: प्रतिमा, कागद आणि खरं वाद्य

प्रतिमा संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्या. इतरत्र फिरणाऱ्या प्रतिमांचे रंग भडक केलेले असतात आणि कडा कापलेल्या असतात. घनवादी चित्रात या दोन्ही गोष्टी महागात पडतात. 'व्हायोलिन आणि पॅलेट'ची उंची ९१.७ सेंटिमीटर आणि रुंदी ४२.८ सेंटिमीटर आहे, म्हणजे उंची रुंदीच्या दुपटीहून थोडी जास्त. तुमच्याकडच्या प्रतिमेत हे प्रमाण जुळत नसेल तर ती कापलेली आहे. बाजूला ठेवा.

दोन छापील प्रती काढा, एक रंगीत आणि एक काळीपांढरी. ए-थ्री आकार मिळाला तर उत्तम. सोबत ट्रेसिंग पेपर (बटर पेपरही चालेल), टूबी पेन्सिल आणि एक लाल व एक निळी पेन्सिल ठेवा.

आता वर्तमानपत्राचे कागद जोडून चित्राच्या खऱ्या मापाचा आयत कापा आणि भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला चिकटवा. हे काम पाच मिनिटांचं आहे, पण जवळजवळ कुणीच करत नाही. मोबाइलच्या पडद्यावर हे चित्र बोटभर दिसतं. भिंतीवर पाहिलं की लक्षात येतं, त्यातलं व्हायोलिन हाताने उचलता येईल अशा मापाचं आहे.

शेवटची तयारी सगळ्यात महत्त्वाची: खरं वाद्य जवळून पाहा. ओळखीच्या कुणाकडे, संगीत विद्यालयात किंवा वाद्यांच्या दुकानात जा. आपल्या मैफलीत व्हायोलिनचं टोक मांडी घालून बसलेल्या वादकाच्या पावलावर टेकलेलं असतं आणि ब्राकच्या चित्रात ते उभं आहे, पण वाद्य तेच. चार तारा, चार खुंट्या, मानेच्या टोकाची गुंडाळी, तारा उचलून धरणारी घोडी, तिच्या दोन बाजूंना इंग्रजी 'एफ'सारखी दोन छिद्रं आणि कमरेपाशी आत गेलेले दोन बाक, एवढं पाठ झालं पाहिजे. नुसतं डोळ्यांनी नको, हातही फिरवा. पोट सपाट नसून फुगीर असतं आणि घोडी पोटापासून चांगली वर उचललेली असते, हे बोटांना कळलं की चित्रात त्याचं काय झालं हेही कळतं.

*पडताळणी:* व्हायोलिन समोर नसताना त्याचं साधं रेखाचित्र काढून बघा. चित्रकलेच्या इंटरमीजिएट परीक्षेला स्मरणचित्र काढलेल्यांना ही सवय असेल. घोडी आणि छिद्रं योग्य जागी आली तर पुढे चला.

२. चित्राखालची ओळ वाचा, पण फक्त अर्धी

चित्राखाली कलाकार, शीर्षक, साल, माध्यम आणि माप असतं. त्यातलं साल, माध्यम आणि माप आत्ता वाचा. शीर्षकाचं पुढच्या टप्प्यात बघू.

साल आणि माध्यम एकमेकांशी ताडून पाहा. घनवादात कागद चिकटवून केलेली चित्रं १९१२ मध्ये सुरू झाली. ब्राकने पहिलं असं चित्र त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये दक्षिण फ्रान्समधल्या सॉर्गला केलं, आणि त्यात लाकडाच्या नक्षीचा छापील कागद वापरला. म्हणजे १९१० किंवा १९११ च्या घनवादी चित्रात तुम्हाला 'चिकटवलेला कागद' दिसत असेल तर तो रंगवलेला आहे. उलट चूकही होते. पिकासोचं १९२१ चं 'तीन वादक' (न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमधलं) रंगीत कागद कापून चिकटवल्यासारखं दिसतं आणि बरेच लेख त्याला कोलाज म्हणून मोकळे होतात. ते संपूर्ण तैलरंगात आहे.

*सावधान:* पिकासोचा निळा, वाकून बसलेला 'म्हातारा गिटारवादक' घनवादी नाही. ते शिकागोतलं चित्र १९०३-०४ चं, म्हणजे घनवादाच्या आधीच्या, निळ्या छटांत रंगवण्याच्या त्याच्या 'निळ्या कालखंडा'तलं आहे. घनवादावरच्या मराठी लिखाणात ते इतक्या वेळा घुसतं की हे वेगळं सांगावं लागतं. गिटार आहे आणि पिकासो आहे, एवढ्याने चित्र घनवादी होत नाही.

३. शीर्षक झाका आणि दहा मिनिटं नुसतं पाहा

शीर्षक खोटं असतं असं नाही. पण ते आधी वाचलं की डोळे फक्त ते शोधतात, आणि सापडल्याचं समाधान झालं की थांबतात. पिकासोने १९११ च्या उन्हाळ्यात पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या सेरे गावी 'अकॉर्डियनवादक' रंगवलं. हे चित्रही आज गुगेनहाइममध्ये आहे. त्याच्या एका पूर्वीच्या मालकाने मागच्या बाजूला लिहिलेलं 'सेरे' हे गावाचं नाव वाचलं आणि चित्र निसर्गदृश्य आहे असं धरून चालला. मधोमध अकॉर्डियनच्या भात्याच्या घड्या आणि पट्ट्या आहेत, तरी. चित्राबाहेरचा शब्द चित्रातल्या खुणांवर कसा मात करतो, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. शीर्षक हा दावा समजा. पाचव्या टप्प्यात तो तपासायचा आहे.

पहिली दहा मिनिटं काहीही ओळखायचं नाही. डोळे किलकिले करा आणि तीनच गोष्टी टिपा. गर्दी कुठे आहे? उजळ आणि गडद यांची सर्वात तीव्र टक्कर कुठे होते? कडेला चित्र कसं संपतं, भरलेलं की विरळ होत गेलेलं? १९११-१२ च्या चित्रांत आकार मध्यावर दाटतात आणि कोपऱ्यांकडे विरतात. १९०९ च्या आपल्या चित्रात तसं नाही, ते वरपासून खालपर्यंत भरलेलं आहे. हा फरक दिसला तर नोंदवा. त्याचं कारण आत्ता शोधू नका.

४. खुणांची यादी, तीन रकान्यांत

आता कागदावर तीन रकाने आखा: 'नक्की', 'बहुधा' आणि 'कळत नाही'. चित्राच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात करा आणि ओळीने खाली या. मध्यापासून सुरुवात केली की वाद्य सापडतं आणि बाकीचं 'पार्श्वभूमी' म्हणून सुटून जातं.

'व्हायोलिन आणि पॅलेट'मध्ये वर खिळ्याला अडकवलेलं पॅलेट आहे. एका बाजूला हिरवट पडद्यासारखं कापड आहे. मध्ये संगीताचे छापील कागद आहेत, टोकदार कोनांत वळलेले. खाली, चित्राचा मोठा भाग व्यापून, उभं व्हायोलिन आहे. एवढं 'नक्की'च्या रकान्यात जातं. पडद्याच्या खालचे राखाडी-तपकिरी तुकडे भिंत आहेत की टेबल, हे 'बहुधा' किंवा 'कळत नाही'मध्ये लिहा.

तिसरा रकाना रिकामा राहिला तर यादी पुन्हा करा. घनवादी चित्रात न ओळखता येणारा भाग असतोच, आणि तो तसा नोंदवणं हे प्रामाणिक निरीक्षण आहे. विद्यार्थी इथे घाबरतात. काही कळलं नाही असं लिहिलं तर गुण जातील अशी भीती असते. पण ज्या तुकड्याला नाव देता येत नाही त्याच्याबद्दलही बरंच सांगता येतं: तो कोणत्या आकाराचा आहे, कोणत्या ओळखीच्या वस्तूला चिकटून आहे, कुठल्या रंगाचा आहे. तेवढं लिहा. नाव नको.

५. वाद्य कोणतं, हे भागांवरून ठरवा

एका खुणेवर वाद्य ठरवू नका. किमान दोन, शक्य तर तीन खुणा हव्यात.

व्हायोलिनची पक्की खूण म्हणजे 'एफ'सारखी छिद्रं आणि मानेची गुंडाळी. गिटारची खूण म्हणजे मध्यावरचं गोल छिद्र, मानेवरच्या आडव्या पट्ट्या आणि सहा तारा. मँडोलिनचं शरीर थेंबासारखं असतं आणि तारा चार जोड्यांत, म्हणजे आठ असतात. क्लॅरिनेट असेल तर एका टोकाला फुलाच्या तोंडासारखा पसारा आणि नळीवर छिद्रं व चाव्या.

यातली प्रत्येक खूण फसवू शकते. गुंडाळी पाहिली की लोक व्हायोलिन म्हणतात, पण 'अकॉर्डियनवादक'मध्ये खाली दिसणारी वळणं खुर्चीच्या हातांची आहेत. गोल पाहिलं की गिटारचं छिद्र वाटतं, पण टेबलावरच्या पेल्याचं तोंडही गोलच असतं, आणि घनवाद्यांच्या टेबलावर पेला हमखास असतो. समांतर उभ्या रेषा तारा असू शकतात, तशाच पडद्याच्या घड्या किंवा नोटेशनच्या ओळीही. तारांची संख्या मोजा, पण तिच्यावर एकटीवर भरवसा ठेवू नका. चित्रकार तारा कमी करतो, मध्येच सोडून देतो.

आता शीर्षक उघडा आणि तुमच्या यादीशी ताडा. जुळलं तर ठीक. नाही जुळलं तर लगेच यादी खोडू नका, पुन्हा चित्राकडे जा. शीर्षकच दोन शक्यता देत असेल तर तसंच मान्य करा. पिकासोच्या 'मा जोली'चं (१९११-१२, म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्ट) पर्यायी नाव 'झिथर किंवा गिटार घेतलेली स्त्री' असं आहे (झिथर हेही एक तंतुवाद्यच). खाली मध्यभागी तारा ताणलेला त्रिकोणी आकार, त्याच्या खाली चार बोटं, उजवीकडे कोपराचा कोन, एवढं दिसतं. वाद्य कोणतं हे त्यावरून एका शब्दात ठरत नाही. तिथे संग्रहालयालाही 'किंवा' लिहावं लागत असेल, तर तुमच्या निबंधात तो 'किंवा' असायला हरकत काय?

६. कड आणि उजेड: खरं काम इथे आहे

हा टप्पा बहुतेक लेखांत गाळलेला असतो. याला सर्वाधिक वेळ द्या.

*कडेची चाचणी.* रंगीत प्रतीवर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि पेन्सिल न उचलता व्हायोलिनची बाह्यरेषा गिरवायचा प्रयत्न करा. साध्या वस्तुचित्रात ही रेषा एका दमात पूर्ण होते. इथे होणार नाही. कुठेतरी व्हायोलिनची कड अचानक संपेल, तिचा तपकिरी रंग शेजारच्या तुकड्यात मिसळेल आणि तुम्हाला ठरवता येणार नाही की आपण अजून लाकडावर आहोत की भिंतीवर. तिथे निळ्या पेन्सिलीने फुली मारा. पुढची कड जिथे पुन्हा पकडता येते तिथून सुरू करा. पूर्ण फेरा मारून झाल्यावर निळ्या फुल्या कुठे जमल्या आहेत ते पाहा.

या फुल्या हीच तुमची मुख्य सामग्री. कड उघडी सोडण्याची ही युक्ती घनवादाच्या पहिल्या टप्प्याचा कणा आहे. वस्तू आणि तिच्या भोवतालची जागा यांच्यामध्ये चित्रकार दार उघडं ठेवतो, त्यामुळे व्हायोलिन जागेत 'ठेवलेलं' राहत नाही, जागाच त्याच्या अंगात शिरते. 'वाद्याचे तुकडे केले' असं लिहिणारे यातली अर्धीच गोष्ट सांगतात. तुकडे झाले हे कुणालाही दिसतं. कोणत्या तुकड्याची कोणती कड उघडी आहे आणि ती कशाला जाऊन मिळते, हे फक्त तुमच्या ट्रेसिंगवरून सांगता येतं.

*उजेडाची चाचणी.* आता काळीपांढरी प्रत घ्या. एखादी लांब सरळ कड निवडा आणि तिच्या कोणत्या बाजूला उजळ, कोणत्या बाजूला गडद आहे ते बाणाने दाखवा. बाण उजळकडून गडदकडे. कडेवरून थोडं पुढे जा, पुन्हा बाण काढा. बाण उलटला की लाल खूण करा. इंटरमीजिएटच्या स्थिरचित्रात आपण एक खिडकी, एक उजेड आणि एक सावली धरून छायाभेद करतो. तिथे बाण असा उलटला तर शिक्षक चूक काढतील. इथे तो जागोजागी उलटतो. प्रत्येक तुकड्याला आपापला उजेड आहे, त्यामुळे तुकडा पुढे आलाय की मागे गेलाय हे कायमचं ठरत नाही.

व्हायोलिनचं पोट फुगीर असतं हे तुम्ही हाताने पाहिलंय. आता छिद्रांकडे या. ती दोन्ही एकाच फुगीर पृष्ठभागावर बसलेली वाटतात का? तारा मानेपासून घोडीपर्यंत एका रेषेत येतात का? पट्टी घेऊन तारांची दिशा ट्रेसिंगवर पुढे वाढवा. जिथे ती तुटते किंवा सरकते तिथे तुमची खूण पाहिजे.

*नेहमीची चूक:* 'सगळ्या बाजूंनी एकाच वेळी' हे वाक्य इथे परत डोकं वर काढतं. चित्रात व्हायोलिनची पाठ दिसते का? शोधा. पोट, छिद्रं, तारा, मान असे पुढून दिसणारे भागच सरकवलेले आणि तिरपे केलेले असतील, तर 'सगळ्या बाजू' लिहू नका. 'पुढच्या बाजूचे भाग वेगवेगळ्या कोनांत' हे कमी भव्य वाटेल, पण ते तपासता येतं.

*दुसरी चूक:* तपकिरी आणि राखाडी रंगांवरून 'उदास वातावरण' काढणं. या टप्प्यातल्या चित्रांत रंग जाणून आवरते ठेवलेले असतात, कारण भडक रंग लगेच वस्तूला चिकटतो आणि आकारांची ही सरकासरकी झाकून टाकतो. तसंच, रंगांत सूर ऐकू येतात वगैरे कल्पना इथे आणू नका. वाद्य आहे म्हणून चित्र 'संगीतमय' होत नाही.

७. 'अगदी खरं' काढलेला भाग शोधा

या तुटलेल्या जगात एखादी वस्तू जुन्या पद्धतीने हुबेहूब काढलेली असते. ती शोधा. आपल्या चित्रात वरचा खिळा पाहा. ब्राकच्याच 'व्हायोलिन आणि सुरई'मध्ये (१९०९-१०, स्वित्झर्लंडमधलं बाझेल) तर खिळ्याची भिंतीवर पडलेली सावलीही आहे. खाली सगळं विस्कटलेलं आणि वर एक खिळा, हात लावावासा वाटेल असा.

ही गंमत म्हणून सोडून देऊ नका. दोन पद्धती एकाच चित्रात शेजारी ठेवल्या की प्रश्न उभा राहतो: खिळ्याचं हुबेहूबपण हीही एक युक्तीच आहे ना, मग व्हायोलिनची मोडतोड तिच्यापेक्षा कमी खरी कशी? तुमच्या लेखात हा मुद्दा येणार असेल तर आधी नोंदवा: हुबेहूब भाग कोणता, तो चित्रात कुठे आहे आणि त्याच्या अगदी शेजारी काय आहे.

लाकडाची नक्षीही याच सदरात येते. ब्राक घरं रंगवणाऱ्या आणि सजवणाऱ्या कारागिरांत शिकला होता. ओल्या रंगावरून दातेरी फणी फिरवून लाकडाच्या रेषा उठवायची कारागिरांची रीत त्याने चित्रात आणली आणि पिकासोनेही ती उचलली. पिकासोच्या 'व्हायोलिन आणि द्राक्षं'मध्ये (१९१२) प्रतिमा मोठी करून या रेषा पाहा. त्या फणीच्या आहेत, ब्रशच्या नाहीत. लाकडाचा 'पोत' दिसला की लगेच 'वाद्याचं वास्तव रूप' लिहू नका. तो रंगाऱ्याचा ठरलेला नमुना आहे, आणि चित्रकार तो नमुना म्हणूनच वापरतो.

८. अक्षरं आणि चिकटवलेले कागद

अक्षरं वाचण्याआधी त्यांचं अंग पाहा. ती छापील आहेत, हाताने रंगवलेली, की साच्यातून उमटवलेली? ती चित्राच्या पृष्ठभागावर सपाट बसली आहेत की एखाद्या वस्तूवर? सपाट अक्षरं कॅनव्हास हा कॅनव्हासच असल्याची आठवण देतात आणि त्यांच्यामागचे तुकडे त्यामुळे खोल जातात. हे आधी लिहा, शब्दार्थ नंतर.

'मा जोली' म्हणजे 'माझी सुंदरी'. हे शब्द त्या काळी पॅरिसमध्ये लोकप्रिय असलेल्या एका गाण्याच्या ध्रुवपदातले आहेत, आणि पिकासो आपल्या प्रेयसीला, मार्सेल अंबेर ऊर्फ एव्हा हिला, याच नावाने ओळखायचा. शब्दांजवळ स्वरलिपीची खूण आणि ओळी आहेत. म्हणजे गाणं, स्त्री आणि वाद्य या तिन्ही गोष्टी चित्रात आहेत. गाणं शब्दांनी, वाद्य तारांनी, स्त्री मात्र जवळजवळ फक्त नावाने. इथपर्यंत जमीन घट्ट आहे. यापुढे जाऊन हे त्या स्त्रीचं हुबेहूब व्यक्तिचित्र आहे असं लिहिलं की पाय घसरला.

चिकटवलेल्या कागदांसाठी पिकासोचं 'गिटार, स्वरलिपी आणि पेला' घ्या (१९१२, सॅन अँटोनियोचं मॅकने संग्रहालय). तळाला भिंतीचा नक्षीदार कागद आहे. त्यावर खऱ्या छापील गाण्याचा तुकडा, लाकडाची नक्षी रंगवलेला कागद, कोळशाने काढलेला पेला आणि 'ले जूर्नाल' या वर्तमानपत्राच्या १८ नोव्हेंबर १९१२ च्या अंकाचा कपटा आहे. गिटारच्या पोटाचा मोठा भाग वेगळा चिकटवलेलाच नाही. भोवतालच्या कागदांनी कडा ठरवल्या आणि मध्ये भिंतीचा कागद तसाच राहिला. छिद्राच्या जागी मात्र पांढरी चकती लावली आहे. जे पोकळ असायला हवं ते भरीव आणि जे भरीव असायला हवं ते मोकळं. पिकासोने पत्र्याच्या गिटारमध्ये (१९१४) हेच घडवून दाखवलं: तिथे छिद्र नळकांड्यासारखं बाहेर आलेलं आहे.

वर्तमानपत्राच्या मथळ्याचा अर्थ होतो 'लढाईला तोंड फुटलं'. बातमी बाल्कन युद्धाची आहे. अभ्यासकांत यावरून दोन तट आहेत. एक म्हणतो, युद्धाची बातमी जाणून निवडलेली आहे आणि ती वाचलीच पाहिजे. दुसरा म्हणतो, कागद ही केवळ खूण आहे, मजकूर गौण. माझा कल असा: मथळा वाचावा, कारण तो वाचता येईल असाच कापून ठेवला आहे. पण बारीक मजकुरातून संदेश खणू नये, जोवर इतर चित्रांतही तसाच मजकूर सापडत नाही. तुम्ही कोणत्या बाजूला उभे आहात हे लेखात एका वाक्यात सांगून टाका.

९. आता अर्थ

यादी, ट्रेसिंग, लाल-निळ्या खुणा आणि अक्षरांच्या नोंदी समोर घ्या. प्रत्येक विधानाच्या पोटात एक दिसणारी गोष्ट असलीच पाहिजे. विधान लिहा आणि पुढे कंसात चित्रातली जागा लिहा. जागा लिहिता येत नसेल तर विधान काढा.

आपल्या चित्रावर असं लिहिता येईल:

'ब्राकने तीन वस्तू एकावर एक उभ्या रचल्या आहेत: खाली वाजवायचं व्हायोलिन, मध्ये वाचायचे संगीताचे कागद, वर रंग मिसळायचं पॅलेट. संगीत आणि चित्रकला यांची साधनं एकाच उभ्या रांगेत येतात. मात्र तिघांना वागणूक सारखी नाही. व्हायोलिनच्या कडा जागोजागी उघड्या आहेत आणि तपकिरी रंग भोवतालच्या राखाडीत शिरतो. पॅलेटचा आकार तुलनेने शाबूत आहे आणि त्याचा खिळा तर जुन्या रीतीने काढलेला आहे. चित्रकाराचं साधन वर टांगून ठेवलेलं, वापरात नसलेलं, आणि त्याच्याखाली चित्र काढण्याची नवी रीत कामाला लागलेली, अशी ही रचना वाचता येते.'

यात शेवटचं वाक्य तेवढं अर्थाचं आहे. बाकी सगळी निरीक्षणं आहेत, आणि हे प्रमाण असंच ठेवा. 'वाचता येते' हे क्रियापदही मुद्दाम आहे. चित्रकाराच्या मनात काय होतं ते आपल्याला ठाऊक नाही.

*पडताळणी:* तुमच्या परिच्छेदातलं चित्राचं नाव झाका आणि तो दुसऱ्या घनवादी चित्राखाली ठेवून बघा. तिथेही बसत असेल तर तो परिच्छेद कोणत्याच चित्राबद्दल नाही. सहाव्या टप्प्यावर परत जा.

१०. पुढची चित्रं कोणत्या क्रमाने घ्यायची

दुसरं चित्र 'व्हायोलिन आणि सुरई' घ्या. वाद्य तेच आणि खिळाही आहे, त्यामुळे फरक मोजता येतात: निळ्या फुल्या वाढल्या का, काच आणि लाकूड यांच्यातला भेद कशावरून कळतो? तिसरं 'व्हायोलिन आणि द्राक्षं', फणीच्या रेषांसाठी. मग मॅकनेमधलं गिटार. तिथे कडेची चाचणी उलटी करावी लागते, वाद्याची कड न शोधता त्याच्या शेजारच्या कागदाची कड शोधायची. हुआन ग्रीस या आणखी एका घनवादी चित्रकाराची गिटारं सुरुवातीला घेऊ नका. त्याच्या रेषा स्वच्छ असल्याने सगळं कळलं असं वाटतं आणि कडेची चाचणी न करताच लिहावंसं वाटतं.

'मा जोली' सर्वात शेवटी. त्याआधीच्या चित्रांची ट्रेसिंग्ज एकमेकांवर ठेवून उजेडापुढे धरा, कुठल्या कडा वारंवार उघड्या राहतात ते पाहा आणि मगच त्या तारांच्या त्रिकोणापाशी या.